घरगुती पाणबुडी आणि परतीची वाट

बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात ‘कुंडी भंडारा’ या नावाचे जे जुने जलस्थान आहे, ते आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. काही लोक त्यास ‘खूनी भंडारा’ असेही म्हणतात. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान येथे कारभार पाहत असता तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने त्याची आखणी केली. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच भुयारात अडवून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणावे, अशी ही योजना. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत; तीच कुंडी. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२४ मध्ये या स्थळाचा समावेश झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी पाण्याचे कौतुक केले. आम्हांस मात्र त्या रचनेत पाण्याइतकेच कौतुक वाटते ते हवेचे. जमिनीखाली माणसे पाठवावयाची तर दर काही पावलांवर आभाळाकडे जाणारी एक वाट उघडी ठेवली पाहिजे, ही गोष्ट त्या जुन्या कारागिराने काम सुरू करण्याआधीच मनाशी पक्की केली होती. खाली राबणाऱ्या मजुराचा श्वास आणि त्याची परतीची वाट, या दोन्हींची सोय त्याच्या आराखड्यात प्रथमपासून आहे.

ही प्रस्तावना करण्याचे कारण असे. हल्ली घरोघरी मुलांच्या हाती जे फोन आले आहेत त्यांत, परदेशांतील हौशी कारागीर आपल्या अंगणात लहानशी पाणबुडी बांधून तळ्यात उतरत आहेत, अशी चलच्चित्रे दिसतात. चित्र मोठे मोहक असते. आमच्या या भागात यंत्रमाग दुरुस्त करणारे, वेल्डिंगचे दुकान चालविणारे, केळीच्या बागांना पंप बसवून देणारे हुशार तरुण काही कमी नाहीत. तापी दाराशी आहे, शेततळी गावोगाव झाली आहेत. दोनशे लिटरची लोखंडी पिंपे भंगारात हवी तितकी मिळतात. तेव्हा दोन पिंपे जोडून, त्यांस काच बसवून आपणही खाली जाऊन पाहावे, असे कोणा मुलाच्या मनात आल्यास नवल नाही. त्यास ‘वेड लागले’ म्हणून हसणे आम्हांस मान्य नाही. ‘शाबास’ म्हणून पाठ थोपटून त्यास पाण्यात सोडणेही मान्य नाही. त्याच्याशेजारी बसून हिशेब करावा, हे बरे.

प्रथम दाबाचा हिशेब. कुंडी भंडाऱ्यात सुमारे ८० फूट खाली उतरण्यासाठी अलीकडच्या काळात पाळणा बसविण्यात आला. त्यातून उतरणाऱ्यास गारवा जाणवतो, अंधार जाणवतो. परंतु अंगावर भार म्हणून काही येत नाही, कारण वरपासून खालपर्यंत हवा आहे आणि हवा हलकी आहे. आता अशी कल्पना करा की तेवढ्याच खोलीची एखादी विहीर काठोकाठ पाण्याने भरलेली आहे आणि तिच्या तळाशी आपण एक लोखंडी पेटी ठेवली आहे. पाण्यात दर १० मीटरांस, म्हणजे सुमारे ३३ फुटांस, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब वाढतो. त्या मानाने तळाशी पेटीच्या प्रत्येक चौरस फुटावर सव्वादोन टनांचे ओझे पडेल. वरूनच नव्हे, बाजूंनी आणि खालूनही.

कोणी म्हणेल, आम्हांला ८० फूट जावयाचे नाही, १० फुटांत भागेल. ठीक आहे. १० फुटांवर एका चौरस फुटास सुमारे २८० किलो पडतात. माणूस आत शिरावा म्हणून दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद असे झाकण ठेविले, तर त्यावर अकराशे किलोंहून अधिक भार होतो. गव्हाची क्विंटलची अकरा पोती झाकणावर रचून ठेवावीत आणि मग आतल्या माणसास म्हणावे, ‘उघड आणि बाहेर ये’, असा तो प्रकार आहे. कोणताही पहिलवान ते झाकण उघडू शकणार नाही. उथळ पाणी म्हणून जी खोली आपण क्षुल्लक मानतो, ती पोहणाऱ्यास क्षुल्लक आहे, पेटीत बसलेल्यास नव्हे.

आकाराचाही प्रश्न आहे. सपाट पत्रा दाबाखाली आत वाकतो, गोलाई तो दाब सर्वांगावर वाटून घेते. दगडी पुलाची कमान आणि कोंबडीचे अंडे ही एकाच शास्त्राची उदाहरणे. म्हणून खरी पाणबुडी नळकांड्यासारखी किंवा गोळ्यासारखी असते आणि तिची दारे व खिडक्या लहान असतात. तेलाचे पिंप गोल आहे खरे, पण त्याचा पातळ पत्रा आतले तेल बाहेर सांडू नये यासाठी केलेला आहे, बाहेरचा दाब सोसण्यासाठी नव्हे. शिवाय त्याची दोन्ही तोंडे सपाट.

आता वजनाकडे वळू. येथे आर्किमिडीज आपला गुरू. वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर लोटते. दोन माणसे मावतील असे एक मीटर व्यासाचे आणि अडीच मीटर लांबीचे नळकांडे जवळजवळ दोन हजार लिटर पाणी बाजूस सारील. म्हणजे ते पाण्याखाली जावे अशी इच्छा असेल, तर पत्रा, यंत्र, माणसे सर्व मिळून दोन टन वजन भरले पाहिजे. त्याहून कमी असेल तर ते बुडणार नाही, जास्त असेल तर वर येणार नाही. ज्यांनी कधी रिकामे पिंप पाण्यात दाबून पाहिले आहे, त्यांस ठाऊक असेल की एका पिंपासाठीच दीडशे किलोंहून जास्त दगड बांधावे लागतात. दोन टनांची ही वस्तू तापीच्या गाळात रुतली तर ती दोरीने ओढून काढणे चार जणांचे काम नव्हे. गाळ तिला धरून ठेवतो, हे निराळेच. आणखी एक बारकावा. समुद्राचे पाणी खारट म्हणून थोडे जड असते, हजार लिटरांमागे सुमारे २५ किलोंनी. तेव्हा मालवणला तोलून बरोबर केलेली दोन टनांची पाणबुडी तापीत आणली, तर ती ५० किलोंनी जड ठरेल आणि सरळ तळास जाईल. एवढ्याशा फरकावर येथे जीव अवलंबून असतो.

याचा पडताळा पाहावयाचा तर जर्मनीतील विल्हेल्म बावर याची कथा सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते पाणबुडीच्या सबंध इतिहासात तिच्याइतकी बोधक कथा दुसरी नाही. बावर हा बव्हेरियाच्या सैन्यातला एक साधा हुद्देदार. त्याने लोखंडी पत्र्याची सुमारे ८ मीटर लांबीची एक पाणबुडी बांधली. पैसे अपुरे पडले म्हणून पत्रा ठरविल्याहून पातळ घेण्यात आला. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात तो दोन सोबत्यांसह तिच्यात बसून खाली गेला. नाव शेपटीकडे कलली, पत्रे दबू लागले, पाणी आत येऊ लागले आणि ती सुमारे ६० फुटांवर तळास जाऊन बसली. तिघेही जिवंत होते. झाकण डोक्यावरच होते. पण बाहेरच्या पाण्याने ते असे दाबून धरले होते की ते उघडणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे होते.

अशा वेळी माणसाची पहिली धाव पाणी बाहेर काढण्याकडे असते. सोबत्यांची तीच धडपड चालली होती. बावरने मात्र शांतपणे विचार केला. बाहेरचा दाब जास्त आणि आतला कमी, म्हणून झाकण उघडत नाही. तर मग आतला दाब वाढला पाहिजे. तो वाढवावयाचा उपाय एकच: आणखी पाणी आत येऊ देणे. पाणी वर चढेल तशी आतली हवा दबत जाईल, आणि आतबाहेर दाब सारखा झाला की झाकण आपोआप सैल पडेल. बुडत्या माणसांना, नावेत अजून पाणी घ्या, असे सांगणे किती अवघड असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. सोबत्यांचे मन वळविणे पाण्यापेक्षाही जड गेले. कित्येक तास ते तिघे त्या अंधारात, हिवाळ्यातील समुद्राच्या बर्फासारख्या पाण्यात, हवेच्या लहान होत जाणाऱ्या पोकळीत तोंड वर करून थांबले. हवा मूळच्या एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक जागेत आली, तेव्हा झाकण उघडले आणि हवेच्या लोटाबरोबर तिघेही पृष्ठभागावर फेकले गेले. तिघेही वाचले. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे सुटल्याचा हा पहिला नोंदलेला प्रसंग. ती नाव १८८७ मध्ये सापडली, आणि आज ती ड्रेस्डेन येथील सैनिकी संग्रहालयात आहे.

बावरची बुद्धी विलक्षण होती यात शंका नाही. परंतु अशी बुद्धी तळाशी जाऊन चालवावी लागली, ती वरच कागदावर चालविलेली नव्हती, हेही आपण विसरू नये.

दाब आणि वजन यांचा हिशेब जमला, तरी श्वासाचा उरतोच. पुष्कळांची समजूत अशी की बंद जागेत प्राणवायू संपतो म्हणून माणूस मरतो. खरे पाहता त्याआधीच आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू घात करतो. हलके काम करणारा माणूस तासाला सुमारे २० लिटर असा वायू सोडतो. वर सांगितलेल्या दोन हजार लिटरांच्या नळकांड्यात दोन माणसे बसली, तर एका तासात आतल्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या वर जाते. पायडल मारून नाव चालवावयाची असेल तर तिप्पट वेगाने जाते. शेकडा तीनच्या आसपास धाप लागते, डोके दुखते. पाच-सहाच्या पुढे जीव घाबरा होतो, विचार सुचेनासा होतो. दहाच्या सुमारास शुद्ध हरपते. विचार सुचेनासा होतो ही पायरी आम्हांस सर्वांत भयंकर वाटते. ज्या क्षणी बावरसारखे डोके हवे, नेमके त्याच क्षणी ते आपले राहत नाही.

हा शत्रू शेतकरी कुटुंबांस अनोळखी नाही. वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत गाळ काढण्यास एक उतरतो, खाली कोसळतो. त्यास काढण्यास भाऊ उतरतो. भावास काढण्यास शेजारी उतरतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात कोठून ना कोठून येतात. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरू नये, हे खरे. पण दिवा जळत राहिला म्हणून उतरावे, हे खरे नव्हे. शिवाय काही जुन्या विहिरींत पेट घेणारा वायूही साठलेला असतो. पाणबुडीत आणि अशा विहिरीत फरक इतकाच की विहिरीचे तोंड निदान उघडे असते. बंद नावेत हा वायू शोषून घेण्यासाठी सोडा-लाइम नावाचे द्रव्य ठेवतात, प्राणवायूची टाकी निराळी ठेवतात, आणि हवेचे प्रमाण दाखविणारी यंत्रे ठेवतात. यांपैकी एकही वस्तू भंगाराच्या दुकानात मिळत नाही.

मग हवा वरूनच नळीने घ्यावी, असे कोणी सुचवील. चित्रपटांत नायक बोरूच्या काडीने श्वास घेत तळ्यात लपतो, ते पाहून अनेक मुलांनी शेतातल्या पाइपाने तसे करून पाहिले असेल. हाताएवढ्या खोलीवर ते कसेबसे साधते. एक मीटर खाली गेले की छातीवर पाण्याचा दाब आणि नळीत वरची मोकळी हवा, अशी ओढाताण होते; छाती फुलतच नाही. नळी लांब असेल तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत येतो. जोर करून ओढल्यास फुफ्फुसास इजा होते. हा प्रयोग मुलांनी करू नये, आणि करीत असतील तर वडीलमाणसांनी थांबवावा.

उपडी घागर पाण्यात दाबली तर आत हवा टिकते, हे पाहूनच माणसास ‘डायव्हिंग बेल’ची, म्हणजे पाण्यात उतरवावयाच्या उपड्या घंटेची, युक्ती सुचली. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघरी माहीत आहे त्या एडमंड हॅलेने १६९१ मध्ये अशी घंटा बनविली आणि पाच सोबत्यांसह टेम्स नदीत ६० फुटांवर दीड तासाहून अधिक वेळ बसून दाखविले. शिसे बांधलेल्या पिंपांतून त्यांस ताजी हवा पोचविली जात होती. हौशी मंडळींस ही रचना सोपी वाटते, कारण आतबाहेर दाब सारखा असल्यामुळे जाड पत्रा लागत नाही आणि तळ उघडाच असतो. परंतु येथे एक असा धोका दबा धरून बसलेला आहे की जो उत्तम पोहणाऱ्यासच आधी गाठतो. वरून श्वास भरून बुडी मारणारा मुलगा खाली जातो तेव्हा त्याच्या छातीतली हवा आकसते, वर येताना ती पुन्हा पहिल्याइतकी होते. त्यात अपाय नाही. पण ज्याने खाली घंटेत श्वास घेतला, त्याच्या छातीत दाबलेली हवा असते. तो सवयीप्रमाणे श्वास रोखून वर निघाला की ती हवा फुगू लागते. दहा मीटरांवर भरलेला श्वास पृष्ठभागी दुप्पट होतो. तोंड मिटलेले असेल तर फुफ्फुस फाटते, आणि यास फार खोली लागत नाही. चार-पाच फूटही पुरतात. लहानपणापासून तापीत पोहलेल्या मुलास जे एकच गोष्ट कधी शिकवावी लागली नाही, ती म्हणजे श्वास रोखणे. येथे तीच त्यास मारते. पाण्याखाली हवा घेणाऱ्याने वर येताना श्वास सोडीतच आले पाहिजे, हा स्कूबा शिकणाऱ्यांचा पहिला धडा असतो.

या सर्व शास्त्राचा अर्धा भाग एका बाटलीत दाखविता येतो. बॉलपेनचे प्लास्टिकचे टोपण घ्यावे, वर छिद्र असल्यास बुजवावे, उघड्या तोंडाच्या कडेस थोडा मातीचा गोळा असा लावावा की टोपण पाण्यात उभे राहून जेमतेम तरंगेल. एक लिटरची बाटली काठोकाठ भरून ते आत सोडावे व झाकण घट्ट लावावे. बाटली दाबली की टोपण खाली जाते, सोडली की वर येते. दाबामुळे टोपणातील हवा आकसते, तेवढे पाणी आत शिरते, टोपण जड होते. घरातील धाकट्या मंडळींस हा खेळ तासभर पुरतो. पण थोरल्यांनी एक गोष्ट नीट पाहावी: जे खाली जाते ते खाली जाण्यामुळेच अधिक जड होत जाते. बाटली लहान म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. खोल विहिरीत उघड्या तळाची घंटा एकदा घसरू लागली की ती थांबत नाही, अधिकच वेगाने घसरते. तिला वरून दोर हवा, आणि दोर धरणारा माणूस हवा.

हे कोडे ज्याने नीट सोडविले तो एक शाळामास्तर होता. जॉन फिलिप हॉलंड याचा जन्म १८४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लिस्कॅनर या गावी झाला. १८५८ मध्ये तो ख्रिश्चन ब्रदर्स या शिक्षण देणाऱ्या बंधुसंघात दाखल झाला आणि पंधरा वर्षे त्याने वर्गात खडू धरला. पुढे प्रकृतीमुळे संघाबाहेर पडून १८७३ मध्ये तो अमेरिकेत गेला व न्यू जर्सीतील पॅटरसन शहरी सेंट जॉन धर्मग्रामाच्या शाळेत शिकवू लागला. तेथेच त्याने आपली पहिली पाणबुडी बांधली. लांबी जेमतेम १४ फूट, आत एकटाच माणूस. १८७८ मध्ये पॅसेइक नदीत ती उतरविली, तेव्हा प्रथम ती बुडालीच; ओढून काढून दुरुस्त करावी लागली. पुढच्या चाचण्यांत तो स्वतः तीत बसून नदीखाली गेला.

त्याच्या आधीचे लोक टाकीत पाणी भरून नाव जड करीत आणि ती तळाकडे सोडीत. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी नाव थोडी कलली की एका बाजूस धावते आणि तिला आणखी कलविते; परातीत पाणी घेऊन चालणाऱ्या बाईस हे कोणी सांगावयास नको. हॉलंडने दोन गोष्टी धरून ठेवल्या. टाक्या अशा ठेवावयाच्या की पाण्याखाली वजनाचा मध्य हलणार नाही, आणि तो नेहमी खालच्या अंगास राहील. दुसरी गोष्ट अशी की नाव पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवावयाची. मग ती खाली जाणार कशी? आडव्या पंखांनी आणि यंत्राच्या जोराने, माशासारखी डोके खाली घालून. यंत्र चालू आहे तोवर ती खाली राहील. यंत्र बंद पडले की आपोआप वर येईल. नुकसान झाले, माणूस बेशुद्ध पडला, तरी पाणी स्वतःच तिला वर आणील, असा हा विचार आहे.

हे सांगताना आम्हांस थोडे खिन्नही व्हावे लागते. त्याच्या सुरुवातीच्या नावांना पैसा पुरविला तो इंग्रजांविरुद्ध लढू पाहणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांनी. त्याची सहावी नाव १८९७ मध्ये पाण्यात उतरली आणि अमेरिकेच्या नौदलाने ती एप्रिल १९०० मध्ये विकत घेतली. शाळामास्तराची विद्या युद्धाच्या कामी लागली. १२ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिले महायुद्ध सुरू होऊन सुमारे पंधरवडाच झाला होता तोच, हॉलंड वारला. पाणबुड्यांनी पुढे जे केले ते पाहण्यास तो उरला नाही. आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, तीही अर्थात लढाऊच.

शांततेच्या कामासाठी पाणबुडी बांधणारा कोणी झालाच नाही काय? झाला. स्पेनमधील नार्सिस मॉन्टुरिओल याने समुद्रातून पोवळे काढणाऱ्या गरीब बुडीवाल्यांचे हाल पाहिले. एकजण बुडाल्याचे पाहून त्याच्या मनाने घेतले. त्याची ७ मीटरांची लाकडी नाव बार्सिलोनाच्या बंदरात १८५९ मध्ये उतरली, पन्नासांहून अधिक वेळा सुखरूप खाली जाऊन आली, आणि १८६२ मध्ये बंदरात एका मालवाहू जहाजाची धडक लागून मोडली. दुसरी त्याहून मोठी बांधली, ती कर्जापायी १८६८ मध्ये भंगारात गेली. पोवळेवाल्यांच्या पदरी काही पडले नाही.

आता आमच्या तरुण कारागिराने करावे काय? पहिली नाव त्याने बिनमाणसाची बांधावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्लास्टिकच्या पाइपांची चौकट, पाण्याखाली चालणाऱ्या बारा व्होल्टच्या तीन लहान मोटारी, पाण्यात टिकणारा कॅमेरा आणि वर काठावर बसलेल्याच्या हाती येणारी तार, एवढ्यात ती होते; जगभरच्या शाळांतील मुले अशा नावा बांधतात. तिला विहिरीच्या तळाची फुटबॉल कोठे अडकली, पंपाची जाळी कशाने बंद झाली, भिंतीचा दगड कोठून सुटला, हे पाहता येते. ज्या विहिरीत माणूस उतरवू नये तीत ती उतरविता येते. तोलण्याचे सर्व धडे हिच्यावर गिरवावेत: वर हवेची नळी, खाली शिशाचा तुकडा, आणि तार सुटली तर नाव आपोआप वर येईल इतका हलकेपणा. मोटारीसाठी बारा व्होल्टची बॅटरीच वापरावी. घरातील विजेची तार पाण्याजवळ नेऊ नये.

माणूस बसेल अशी नाव बांधण्याचा हट्ट त्यानंतरही राहिला, तर ती पाण्याने भरणारी असावी, म्हणजे बसणारे दोघे पाठीवर स्वतःची हवा घेतलेले आणि रीतसर शिकलेले असतील, आणि नाव ही त्यांची फक्त सायकल असेल. तीत दाबाचे झाकण नाही, कोंडलेली हवा नाही. कंटाळा आला की बाजूने बाहेर. बंद, कोरड्या पाणबुडीच्या नादी लागू नये. ते काम ज्यांनी आयुष्य घालविले अशा कारखान्यांचे आणि तपासणी करणाऱ्या स्वतंत्र संस्थांचे आहे. धनवान मंडळींनीही ही तपासणी टाळून काय होते ते जून २०२३ मध्ये दिसले. ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यास निघालेली ‘टायटन’ ही नाव अशा कोणत्याही संस्थेकडून प्रमाणित करून घेतलेली नव्हती. अटलांटिकच्या खोल पाण्यात ती क्षणात चुरडली गेली आणि आतील पाचही जण मृत्यू पावले. योना संदेष्टा तीन दिवस माशाच्या पोटात राहून किनाऱ्यास लागला, परंतु त्या माशाचा आराखडा कोणा हौशी माणसाने काढलेला नव्हता.

आणि ज्यास केवळ पाण्याखालचे जग पाहावयाचे आहे, त्याने तापीच्या गढूळ पाण्यात शोध घेण्यापेक्षा भाडे जमवून मालवण गाठावे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था आहे; शिक्षक हात धरून खाली नेतो, प्रवाळ आणि मासे डोळ्यांसमोर येतात. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका २०२५ मध्ये महामंडळाकडे सोपविण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी तिचे संग्रहालय करावे आणि प्रवाशांना पाणबुडीतून ते दाखवावे, अशी योजना आखलेली आहे.

ज्यास बांधावयाचेच आहे त्याच्यासाठी शेवटची सूचना चाचणीची. नाव कोणतीही असो, तिच्यात प्रथम माणसाच्या वजनाइतके वाळूचे पोते बसवावे. शेततळ्यात, काठावर दोर बांधून, दिवसा, चार जाणती माणसे उभी असताना ती खाली सोडावी. मोटार बंद करावी. पोते काहीही करणार नाही, बटण दाबणार नाही, दोर ओढणार नाही. तशा पोत्यास घेऊन नाव आपली आपण वर येते की नाही, ते पाहावे. एकदा नव्हे, झाकण नीट लागलेले असताना, न लागलेले असताना, बॅटरी उतरलेली असताना, तळाशी गाळ असताना. पोते प्रत्येक वेळी कोरड्या काठावर परत आले, की मग पुढचे बोलणे करावे.